त्याला दुसरे सुख ते कोणते?

दिवाळीच्या फराळाची ताटे मांडली जात असताना घरातल्या माणसांचे एकमेकांविषयी काय मत आहे ते जितके स्पष्ट दिसते, तितके एरवी वर्षभरात कधी दिसत नसेल. जावयाच्या ताटात न फुटलेल्या करंज्या निवडून जातात. ज्या मुलाचे परवाच पोट बिघडले होते, त्याच्या ताटातला मूठभर चिवडा आई हळूच काढून घेते. आमच्या आजोबांना मधुमेह होता. त्यांच्या ताटात लाडू नसे, आणि तो नसल्यावरून दर दिवाळीच्या सकाळी एक लहानसे भांडण होई. आजोबा म्हणत, "सणाच्या दिवशी एक लाडू खाल्ला तर मी काय लगेच मरतो?" आजी म्हणे, "पुढच्या दिवाळीलाही याच पाटावर बसायचंय तुम्हाला. शंकरपाळा घ्या एक आणि गप्प बसा."

माझे धाकटे काका मात्र या तंट्याच्या बाहेर होते. त्यांच्या ताटात सर्वांत जास्त लाडू पडत, आणि ते संपले तरी मागण्याची पाळी त्यांच्यावर येत नसे. आजी आतून माझ्या आईला सांगे, "घाल गं त्याला आणखी दोन. त्याला दुसरं सुख काय आहे?"

लहानपणी हे वाक्य मला जगातल्या साऱ्या वाक्यांत दयाळू वाटे. आजीच्या तोंडून ते ऐकताना घराविषयी अभिमान वाटे. कारण काकांसारख्या माणसाला मागच्या खोलीत कोंडून ठेवणारी घरेही आमच्या गावात होती. आमच्या घरात ते सर्वांबरोबर पंगतीला बसत. आज मी त्याच वाक्याविषयी लिहायला बसलो आहे. त्यातल्या मायेविषयी मला अजूनही शंका नाही. पण त्या मायेत आणखी काहीतरी मिसळलेले होते, आणि ते आम्हां कोणालाच दिसले नाही, असे मला आता वाटते.

काकांना छिन्नमनस्कता होती. डॉक्टर ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, तो आजार. १९७९ साली, बाविसाव्या वर्षी, बी. एस्सी.ची परीक्षा तोंडावर आलेली असताना तो सुरू झाला. दोन माणसे आपल्याविषयी सारखी बोलत असतात, असे ते सांगू लागले. रात्री कोणीतरी येऊन छातीवर बसते, असेही म्हणत. पहिल्या वीस वर्षांतल्या औषधांनी ती बोलणारी माणसे थोडी दूर गेली, पण काकाही दूर गेले. चेहरा लाकडासारखा झाला, आणि हात असे कापत की बशीतला चहा निम्मा सदऱ्यावर सांडे. मग २००० सालच्या आसपास एक नवी गोळी आली आणि आमच्या डोळ्यांदेखत काका पुष्कळसे परत आले. वर्तमानपत्र वाचू लागले. माझ्या वडिलांशी निवडणुकीवर वाद घालू लागले. एकदा तर विनोद केला, आणि आजी देवापुढे साखर ठेवून आली.

त्या गोळीबरोबर भूक आली. जेवण होऊन अर्धा तास झाला की काका डब्यांच्या फडताळाशी उभे असत. दोन वर्षांत सारे सदरे उसवावे लागले. आम्हाला आनंदच झाला. कारण आपल्या भाषेत रोगी बरा होऊ लागला की त्याने 'अंग धरले' असे आपण म्हणतो. अंग धरणे म्हणजे बरे होणे, हे समीकरण इतके जुने आहे की धरलेले अंगच माणसाला कधी धरील, हे मनात येत नाही. विड्या तर त्यांना पहिल्यापासूनच लागत. वडील दर आठवड्याला बाजारातून बंडले आणून देत, आणि कोणी नाक मुरडले तर आजीचेच वाक्य म्हणत.

२०११ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी काका माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, छातीवर कोणीतरी बसलंय." आईने हे वाक्य तीस वर्षे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणाले. घाम आला होता, जेवले नाहीत. वडील त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद पाहिले, आजार वर आलेला दिसतो असे म्हणून रात्रीची गोळी वाढवून दिली. चौथ्या दिवशी पहाटे काका गेले. हृदयविकाराचा झटका. वय चौपन्न.

वाक्य जुनेच होते; अर्थ तेवढा नवा होता.

कोणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या डॉक्टरांच्या जागी मी असतो, तर मीही कदाचित तेच केले असते. आईच्या जागी तर नक्कीच. परंतु काका गेल्यावर मी या विषयावरचे वाचू लागलो, आणि आमच्या घरात घडले ते घराघरांत घडते आहे हे कळले, तेव्हा आमचे दुःख केवळ आमचे राहिले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ४० लाख माणसांना छिन्नमनस्कता आहे; म्हणजे दर तीनशे माणसांत एकाला. ज्यांना मनाचे असे गंभीर आजार असतात ती माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरतात, असे हीच संघटना सांगते. हे ऐकले की आपल्या मनात पहिल्याने आत्महत्या येते. तो धोका खरा आहे आणि मोठाही आहे. पण या हरवलेल्या वर्षांचा मोठा वाटा नेतात ते शरीराचे साधे आजार, आणि त्यांत पहिला क्रमांक हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा. ज्या आजारांनी तुमचे-माझे वडील-मामा जातात, त्यांनीच ही माणसेही जातात. फक्त फार लवकर जातात.

हे आजच कळले आहे असेही नाही. १८४१ साली विल्यम फार या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने वेड्यांच्या इस्पितळांतील मृत्यूंचा हिशेब मांडला होता, आणि तिथली माणसे बाहेरच्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मरतात हे दाखवले होते. त्या काळी कोंदट खोल्या, उपासमार आणि क्षय यांना दोष देता येत होता. आज क्षयाला औषध आहे, खोल्यांना खिडक्या आहेत. तरी अंतर राहिलेच आहे.

याची कारणे अनेक आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. या आजाराच्या माणसांत धूम्रपान फार. काम सुटलेले, म्हणून पैसा नाही; पैसा नाही म्हणून ताटात भात आणि चहाबरोबर बिस्किटे. आजारच असा की माणूस उठून चार पावले चालण्याची उमेद गमावतो. काही दोष मुळातल्या देहप्रकृतीचाही असावा. वेडाची परंपरा असलेल्या घराण्यांत मधुमेह पुष्कळदा आढळतो, असे निरीक्षण हेन्री मॉड्स्ली या डॉक्टराने १८७९ सालीच नोंदवले होते, आणि तेव्हा आजची औषधे जन्मालाही आली नव्हती.

आणि मग औषधे. इथे जपून बोलायला हवे.

१९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन इस्पितळात जाँ दले आणि पिएर डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले, आणि शतकानुशतके साखळदंडांनी जे साधले नव्हते ते एका गोळीने साधू लागले. पुढे क्लोझापिन आले. ज्यांना दुसरे काहीच लागू पडत नाही अशा रोग्यांनाही त्याचा गुण येई. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन काही माणसे दगावली, आणि अनेक देशांत ते मागे घेतले गेले. नव्वदीच्या सुमारास ते पुन्हा आले ते नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. त्यामागून ओलान्झापिनसारखी औषधे आली. हातांचा कंप कमी झाला, चेहऱ्यावरचे लाकूड गेले. पण मेंदूत पोट भरल्याची खूण जिथून पोहोचते, त्या दारांवरही ही औषधे जाऊन बसतात. माणूस जेवतो आणि त्याला जेवल्यासारखे वाटत नाही. वजन वाढते, रक्तातली साखर आणि चरबी वाढते. साऱ्याच औषधांनी हे सारखे होत नाही. क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांनी विशेष होते.

म्हणजे मनाला जे मिळाले, त्याची किंमत देहाने मोजली. असा सौदा कोणी करावा का, हा प्रश्न कोणालाही सुचेल. मलाही सुचला होता, आणि काही दिवस मी त्या गोळीचा द्वेषही केला. पण हा द्वेष टिकत नाही. फिनलंडमध्येच ६६,८८१ रुग्णांची अकरा वर्षांची नोंद तपासली गेली आणि २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की औषधे घेणाऱ्यांपेक्षा ती मुळीच न घेणारे अधिक मरत होते, आणि सर्वांत कमी मृत्यू क्लोझापिन घेणाऱ्यांत होते. म्हणून हा लेख वाचून कोणी घरातल्या माणसाची गोळी बंद करील, तर तो माझ्या काकांवर नवा अन्याय होईल. औषधाने काकांना आमच्याकडे परत पाठवले. ज्यांच्याकडे पाठवले त्यांनी पुढे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

आता मी पुन्हा आजीच्या वाक्याकडे येतो.

'त्याला दुसरे सुख काय आहे?' हे वाक्य प्रश्नासारखे दिसते, पण तो प्रश्न नाही. उत्तराची कोणी वाट पाहत नाही. तो निकाल आहे. या माणसाला लग्न नाही, नोकरी नाही, मुले नाहीत, मान नाही. सबब जिभेचे एवढे एक सुख उरले आहे, ते तरी आपण काढून घेऊ नये, असा तो निकाल. ऐकायला उदार. पण त्याच्या पोटात आणखी एक वाक्य लपलेले आहे, आणि ते कधी उच्चारले जात नाही: या माणसाला उद्या नाही.

आजोबांच्या ताटातला लाडू आजी काढून घेई, कारण तिला आजोबा पुढच्या दिवाळीला हवे होते. तिचा राग म्हणजे आजोबांच्या भविष्यावरचा हक्क होता. काकांवर कोणी रागावले नाही. त्यांचा लाडू मोजला नाही, विडी मोजली नाही, रक्तदाब मोजला नाही. ज्याची वर्षे आपल्याला मोलाची वाटतात त्याच्याशीच आपण भांडतो. रागावणे हाही मान देण्याचा एक प्रकार आहे, आणि आमच्या प्रेमळ घरात काकांना तो मान कधी मिळाला नाही.

माझ्या एका मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तुझं हे म्हणणं मला पटत नाही. वर्षांच्या लांबीला एवढं काय महत्त्व? तीस वर्षं ज्यानं एवढं सोसलं, त्याला शेवटी पथ्याची शिक्षा कशाला? आणि आपल्या पोटात काय घालायचं हे ठरवायचा अधिकार शहाण्यांनाच असतो की काय?"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. शहाण्यासुरत्या माणसाला तंबाखू खाऊन मरण्याचे स्वातंत्र्य असेल, तर ते काकांनाही असले पाहिजे. आणि केवळ आकडा वाढावा म्हणून कोणाचे आयुष्य कोरडे करणे ही दयेची दुसरी विटंबना होईल. पण स्वातंत्र्य म्हणजे काय? ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत आणि जो त्यांतली एक घेतो, तो स्वतंत्र. काकांना कोणी सांगितलेच नव्हते की या गोळीने भूक वाढते, ही भूक तुझी नव्हे, ती गोळीची आहे. विडी सोडायची आहे का असे कोणी विचारले नव्हते. पुष्कळांना वाटते की अशा माणसांना ती सोडण्याची इच्छाच नसते. तसे नाही, इच्छा असते आणि मदत मिळाली तर सुटतेही. मात्र धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून विडी सोडताना डॉक्टरांना सांगावे लागते. नाहीतर तीच गोळी एकदम जड होते. हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असे वाटले नाही. जिथे विचारलेच गेले नाही, तिथे 'त्याने निवडले' म्हणणे म्हणजे आपल्या आळसाला त्याच्या स्वातंत्र्याचे नाव देणे होय.

विचारण्यावरून एक गोष्ट आठवते. मी कॉलेजात असताना एकदा सुटीत घरी आलो होतो. काका ओसरीवर बसले होते. काय सुचले कोण जाणे, मी विचारले, "काका, तुम्हाला काय आवडतं हो सगळ्यांत?" त्यांनी बराच वेळ विचार केला. मला वाटले, लाडू म्हणतील. ते म्हणाले, "फाटकावर जाऊन गाडी बघायला."

गावाबाहेर दोन किलोमीटरवर रेल्वेचे फाटक होते. लहानपणी आजोबा त्यांना तिथे नेत. आजार झाल्यापासून त्यांना एकट्याने घराबाहेर पाठवत नसत, आणि बरोबर जायला कोणाला वेळ नसे. मी त्या सुटीत त्यांना दोनदा घेऊन गेलो. गाडी गेली की ते डबे किती होते ते सांगत, आणि परतताना मला त्यांच्या पावलाला पाऊल मिळवणे जड जाई. मग सुटी संपली.

म्हणजे त्यांना दुसरे सुख होते. ते दोन किलोमीटरवर होते, त्याला पैसे पडत नव्हते, आणि हृदयाला त्याहून हितकर असे कोणत्या वैद्याने सांगितले असते? पण त्यासाठी घरातल्या एका माणसाची रोजची एक संध्याकाळ लागली असती. लाडवाला तेवढे लागत नाही. आपली दया पुष्कळदा स्वस्तातली वस्तू निवडते, आणि घेणाऱ्याला एवढेच हवे होते असे स्वतःला सांगते.

आता त्या चार दिवसांविषयी. इथला नैतिक प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. ज्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

आमच्या एका घराचीच ही चूक असती, तर मी तिला दुर्दैव म्हटले असते. पण २००० साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या झटक्याने इस्पितळात आलेल्या, पासष्ट वर्षांवरील १,१३,६५३ माणसांची ती पाहणी होती. फुग्याने रक्तवाहिनी मोकळी करण्याचा उपचार इतरांपैकी शेकडा १६.८ जणांना मिळाला होता. ज्यांच्या कागदावर मानसिक आजार लिहिलेला होता, त्यांच्यापैकी शेकडा ११.८ जणांना. बायपास शस्त्रक्रियेचे आकडे १२.६ आणि ८.२. या माणसांच्या झटक्याविषयी तर कोणाला शंका नव्हती; तो सिद्धच झाला होता. तरीही कागदावरचा एक शब्द मधे उभा राहिला. त्यात क्रौर्य नसेल; 'याला झेपेल का, हा ऐकेल का, याच्यामागे कोण आहे' अशी साधी, व्यवहारी कुजबूज असेल. पण अशा कुजबुजीनेही माणसे मरतात.

त्यातून या आजारात काही माणसे वेदना कमी बोलून दाखवतात, किंवा अशा शब्दांत सांगतात की ऐकणाऱ्याला ती वेदना वाटत नाही. 'छातीवर कोणीतरी बसलंय' हे वाक्य एखाद्या शहाण्या कारकुनाने उच्चारले असते, तर ते हृदयविकाराचे नेमके वर्णन म्हणून ऐकले गेले असते. पुष्कळ रोगी असेच सांगतात. तेच शब्द काकांच्या तोंडून आले आणि भ्रम ठरले.

यावर मला सुचलेले उत्तर साधे आहे. काकांवर विश्वास ठेवा असे कोणाला सांगण्याची गरजच नव्हती. फक्त तपासण्याची गरज होती. कार्डिओग्रामच्या यंत्राला रोग्याचे मन ठिकाणावर आहे की नाही ते ठाऊक नसते. ते सर्वांच्या छातीवर सारख्याच तारा लावते. ज्याला खोटे आवाज ऐकू येतात, त्याच्या छातीत खरी कळ येऊ शकते. एक खोटे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. आपण मनाच्या आजाराला माणसाचे विशेषण न ठेवता त्याचे नाव करून टाकतो, आणि मग त्या नावामागे हृदय, मूत्रपिंड, दात आणि डोळे असतात, हे विसरून जातो. 'तो वेडा आहे' म्हटले की जणू त्याला शरीरच उरत नाही.

कायद्याने हे ओळखले आहे. २०१७ साली संमत झालेला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आलेला आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा एकविसाव्या कलमात सांगतो की, आरोग्यसेवा देताना मनाचा आजार असलेल्या माणसाला शरीराचा आजार असलेल्या माणसाच्या बरोबरीने वागवले पाहिजे. कायदा ते लिहू शकतो. ओसरीवरचे वाक्य ऐकण्याचे काम मात्र घरातल्या कानांनाच करावे लागते.

आणि काय करायचे तेही गूढ नाही. २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेहाच्या व मनोविकाराच्या डॉक्टरांच्या संस्थांनी एकत्र बसून ठरवले की ही औषधे सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी पाहावी, आणि पुढेही ठरावीक मुदतीने पाहत राहावे. यातली पहिली दोन मापे शिंप्याच्या टेपाने आणि वाण्याकडच्या काट्यानेही घेता येतात. वजन भराभर वाढू लागले तर गोळी बदलता येते का, भूक आवरायला काही देता येते का, हे डॉक्टरांना विचारता येते. मेरीलँडमध्ये अशाच २९१ माणसांना घेऊन एक प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहाराचे साधे धडे आणि एकत्र व्यायाम. अठरा महिन्यांनी त्यांचे वजन उरलेल्यांच्या मानाने सरासरी ३.२ किलोने कमी भरले. आकडा लहान आहे. पण 'ह्यांना काही समजत नाही, ह्यांच्याकडून काही होत नाही' या आपल्या समजुतीला तो पुरेसा जड आहे.

एक गोष्ट मात्र न सांगितली तर मी आईवर अन्याय करीन. अशा माणसाचे ओझे घरात बहुधा एकाच बाईच्या खांद्यावर असते. कधी आई, कधी वहिनी, कधी बहीण. २००४ सालच्या 'देवराई' या मराठी चित्रपटात भाऊ आणि संसार यांच्यामध्ये ओढल्या जाणाऱ्या बहिणीची ती तारांबळ पुष्कळांनी पाहिली असेल. गोळ्या, डॉक्टर, शेजाऱ्यांच्या नजरा, रात्रीचे जागरण, हे सारे सांभाळणाऱ्या बाईला आता 'रक्तदाबही मोज' असे सांगणे म्हणजे आणखी एक दगड ठेवणे आहे. म्हणून हे तिला सांगण्याची गोष्ट नव्हे. घरातल्या इतरांना सांगण्याची आहे. फाटकापर्यंत चालत जाणे पुतण्यालाही जमले असते. मला जमले असते.

काका गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला आत्या नेहमीप्रमाणे आली. दरवर्षी ती दोघा भावांना शेजारी शेजारी बसवून ओवाळी. काकांच्या डोक्यावर टोपी सरळ करी, कपाळाला कुंकू लावी, सुपारी आणि अंगठी चेहऱ्याभोवती फिरवी, आणि म्हणे, "औक्षवंत हो." औक्ष म्हणजे आयुष्य. त्या वर्षी एकच पाट मांडला होता. वडिलांना ओवाळून झाल्यावर ती निरांजन हातात घेऊन थोडी थांबली, आणि कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाली, "बत्तीस वर्षं त्याला औक्ष मागितलं गं मी. पण तो म्हातारा झालेला कसा दिसेल, हे कधी मनातच आलं नाही माझ्या."

कोणी काही बोलले नाही. मला वाटते, या साऱ्या प्रश्नाचे मर्म आत्याच्या त्या बोलण्यात होते. आपण ओवाळताना ज्याला दीर्घ आयुष्य मागतो, तो साठ वर्षांचा, सत्तर वर्षांचा झालेला आपल्याला डोळ्यांपुढे आणता येतो का? येत असेल, तर मग आपण त्याच्याशी लाडवावरून भांडू, त्याची विडी लपवू, त्याला तपासायला नेऊ, आणि छातीवर कोणी बसले आहे असे तो म्हणाला तर आधी छाती पाहू. येत नसेल, तर आपले ओवाळणे प्रेमाचे असले तरी त्यात औक्षण नाही.

आजी आता नाही. आई अजून फराळ करते. या दिवाळीत ताटे मांडताना तिने माझ्या ताटातला एक लाडू उचलला आणि म्हणाली, "तुझी साखर वाढलीय ना? एकच पुरे." मी वाद घातला नाही. त्या काढून घेतलेल्या लाडवाचा अर्थ मला आता कळतो, आणि तो काकांच्या ताटातून कधीच कोणी काढून घेतला नाही, याचे वाईट वाटते.